वालुकारण्यातील हजेरीपट

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत स्वतःची मोटार घेऊन पुण्याहून थरच्या मरुभूमीकडे कूच करणाऱ्या सुखवस्तू दांपत्यांचा हेतू सृष्टिदर्शनाचा असतो की केवळ हजेरीपटावर सह्या ठोकण्याचा, याचा निवाडा करणे अवघड आहे. रावळ जैसलने ११५६ साली उभारलेला आणि अद्याप नांदता असलेला किल्ला यजमानांच्या लेखी गाडी लावायच्या जागेचा तंटा ठरतो. पालीवालांनी ओस टाकलेल्या कुलधरात बाईंना भुतांपेक्षा छायाचित्रातला उजेड अधिक छळतो. आणि तनोटच्या देवळात, १९६५ च्या युद्धात पडूनही न फुटलेले गोळे उभयता भक्तिभावाने पाहत असतात तेव्हा, ‘रामगढला पेट्रोल भरा म्हणून मी सांगत नव्हते का?’ हा गोळा सकाळपासून मोटारीत तसाच, न फुटता, पण पुरत्या दारूगोळ्यानिशी पडून असतो. तो फुटतो समच्या वाळूवर, ऐन सूर्यास्ताच्या मुहूर्तावर, उंटावर बसल्या बसल्या. ‘अहो, निदान फोटोपुरते तरी हसा,’ असे फर्मान मागून सुटते. यजमान कानटोपी सावरून इमानेइतबारे हसतात, आणि उंटवाला, ज्याला मराठीचा गंध नसूनही मजकूर पुरता कळलेला असतो, ठरल्या भाड्यावर पन्नास रुपये जादा मागतो, जे विनातक्रार मिळतात.