तटाला सुटलेलं पोट

थर्माकोल कापायच्या कटरची तार दोनच अवस्थांत सापडते: सैल किंवा तुटलेली. ताठ तार फक्त दुकानदाराच्या हातात दिसते.

आमच्या पेणमध्ये एके काळी गणपतीच्या आधी गल्लोगल्ली या तारा तापायच्या. मखराचे खांब, कमानी, मोर, सगळं थर्माकोलचं. 2018 साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि कटर माळ्यावर गेले. माझा तेवढा दिवाळीत खाली उतरतो, रोह्याच्या भाच्यापायी. हे चिरंजीव टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतला थर्माकोल दिवाळीच्या किल्ल्यासाठी वर्षभर पलंगाखाली साठवतात. यंदा अवचितगड. गावातून मान वर केली की दिसतो, म्हणून सोपा, असं त्याचं म्हणणं. गडावर बारा कोनांचा तलाव आहे, हे मात्र त्याने तार तापल्यावर सांगितलं.

सैल तारेला कोन जमत नाही. तापली की ती लांबते, लांबली की मध्ये झोळ पडतो आणि तटाला पोट सुटतं.

"मामा, तलाव गोल झालाय."

"पावसाने कडा झिजतात रे."

"थर्माकोलच्या?"

मग तार ओढून बसवली, तर तुटली. इथे भाच्याचे आबा पुढे सरसावले. धाटावच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते. मोडकी वस्तू दिसली की त्यांचा रक्तदाब सुधारतो. त्यांनी जोडावर सोल्डर मारलं. तार नायक्रोमची, ती सोल्डरला मुळात धड धरू देत नाही, आणि बटण दाबताच सोल्डरचा थेंब टपकन ताईच्या चादरीवर. दुसरा उपाय, जुन्या शेगडीची कॉइल. धातू तोच, बराचसा निकेल आणि थोडं क्रोमियम. पण कॉइल कितीही ओढा, तिची नागमोड जात नाही. शिवाय ती जाड, तिला करंट जास्त लागतो. आमचा बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. तट लाटालाटांचा निघाला. "दगडी वाटतो," आबा म्हणाले. ताईने धुरासाठी खिडक्या उघडल्या आणि शेगडीबद्दल विचारलं.

शेवटी पेणच्या एका मखरवाल्या काकांना फोन लावला. "अहो, तार ओढू नका, स्प्रिंग लावा. तार लांबली की स्प्रिंग आवळते. फक्त स्प्रिंगमधून करंट सोडू नका, तापून तीच ढिली पडेल. तारेला वेगळी वायर, पितळी स्क्रूखाली दाबून." बारीक नवी तार, स्प्रिंग, दोन स्क्रू. लोण्यातून सुरी जावी तशी तार चालली. तार कोमट असतानाच सुक्या सुती फडक्याने तिच्यावरची काळी खरपुडी पुसायची, हेही काकांचंच.

गड उभा राहिला, आता लढाई हवी. एच. जी. वेल्सने 1913 साली 'लिटल वॉर्स' हे खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचं पुस्तक लिहिलं. त्याच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेने सैनिक पाडायचे. भाच्याला ही कल्पना पसंत, पण आपला एकही मावळा पडता कामा नये ही अट. आणि शत्रू आणायचा कुठून? बाजारात मिळतो तो प्रत्येक पुतळा मावळाच, तोही बुरुजापेक्षा उंच. मग पायथ्याशी दोन प्लास्टिकचे डायनोसॉर उभे केले. ते दरवाजातून आत जात नाहीत म्हटल्यावर आबांनी कटर उचलला आणि इतिहासात नसलेला एक महादरवाजा कापायला घेतला.