वृषवरणमीमांसा : एक जावईशोध

पंचवीसेक गाईंच्या कळपाला एक वळू पुरतो. म्हणजे पंचवीस वधू, एक वर आणि चुकीला वाव नाही. एवढा गहन विषय आपल्या शास्त्रकारांच्या नजरेतून निसटला, याचे आम्हाला नवल वाटते. ती उणीव भरून काढण्यासाठी आम्ही टेक्ससचा आखाती किनारा निवडला. तिथे गुरे मांसासाठी पाळतात, त्यामुळे निवड फसली की नुकसान थेट तराजूवर दिसते. शिवाय तिथे आम्हाला कोणी ओळखत नाही.

आधी कुळाची चौकशी. युरोपीय मांसल गुरांना तिथला उकाडा आणि गोचीड सोसत नाहीत. म्हणून अमेरिकनांनी भारतीय वशिंडवाली जनावरे मिसळून ‘ब्राह्मन’ जात घडवली. १९२४ साली तिच्या पैदासकारांची संघटनाही निघाली. या जातीच्या पूर्वजांत गीर, कांकरेज, ओंगोल यांच्या जोडीने आपले कृष्णाकाठचे जनावरही सांगतात. कृष्णाकाठची ही जात मुळात एकोणिसाव्या शतकात सांगली संस्थानच्या उत्तेजनाने, काळ्या चिकट रानातल्या ओढकामासाठी, निरनिराळ्या जाती एकत्र करून तयार झालेली. म्हणजे टेक्ससकडे गेला तो संकराचाही संकर. तिथल्या खिम्यात सांगलीचा अंश किती, हे गणित मांडण्याचा मोह आम्ही मोठ्या कष्टाने आवरला आहे.

अंशांचा विषय निघालाच आहे, तर तिकडचे लोक त्यात फार कडक. सँटा गर्ट्रुडिस या संकरित जातीत ब्राह्मनचा अंश ३/८, ब्रँगसमध्येही ३/८, बीफमास्टरमध्ये सुमारे निम्मा. सँटा गर्ट्रुडिसचा मूळपुरुष १९२० साली किंग रँचवर जन्मला. त्याचे नाव ‘मंकी’. वळूला माकड म्हणणाऱ्यांनी पुढे अपूर्णांकांबाबत एवढा काटेकोरपणा दाखवावा, हे कौतुकास्पदच.

आता वळू कोणत्या जातीचा घ्यावा, यावरचे मतभेद. वजनवादी म्हणतात, शारोले घ्या, वासरे दांडगी होतात. होतात खरी, पण पहिलारू कालवड अडली की मालकाला मध्यरात्री वासराच्या पायांना साखळ्या बांधून ओढावे लागते, आणि तेव्हा तो वजनवादी राहत नाही. सुखप्रसूतिवादी म्हणतात, अँगस घ्या. वासरू लहान जन्मते आणि शिंगांची कटकट नाही. मुखवादी हेरफोर्डचा आग्रह धरतात. या वळूचे पांढरे तोंड प्रबळ गुण असल्याने पोराबाळांत उतरते. शेजाऱ्याच्या हेरफोर्डने कुंपण ओलांडले असेल, तर दहा महिन्यांच्या आत पुरावा गोठ्यात उभा राहतो.

परंतु हे सर्व पक्ष एका मुद्द्यापुढे निष्प्रभ होतात, तो म्हणजे कातडीचा रंग. १९७८ साली अँगस पैदासकारांनी मांसाची एक खास मानांकित योजना काढली. तिच्यात मांसातल्या चरबीची जाळी वगैरे कसोट्या आहेत; मात्र उंबरा ओलांडायला जनावराची कातडी आधी बव्हंशी काळी हवी. कातडे सोलल्यावर कोणता तुकडा काळ्याचा आणि कोणता तांबड्याचा, हे ताटात कोणाला सांगता येईल? तरीही काळ्या वासराला लिलावात चार पैसे जास्त मिळतात. परिणामी मुळात तांबडी-पिवळी असलेली सिमेंटल आणि लिमुझिन ही घराणीही अमेरिकेत अँगसशी सोयरीक करून काळी झाली. ‘गोरी’ या एका शब्दावर आमच्याकडच्या स्थळांच्या जाहिराती पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. तिकडे जावई काळाच लागतो. टॉम लासाटर या पैदासकाराने बीफमास्टर घडवताना वजन, बांधा, दूध, प्रजननक्षमता, काटकपणा आणि स्वभाव हे सहाच गुण पाहिले, रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. आम्ही त्याला मनोमन नमस्कार करतो. लिलावात मात्र नमस्काराला भाव नाही.

सबब आमचा निर्णय असा. गाईंना वशिंड असेल तर काळा अँगस घ्यावा, कारण दोन्ही कुळे जितकी दूरची तितका संकराचा जोम जास्त. त्याच्या कागदावरचा जन्मवजनाचा आकडा कमी असावा. दोन वर्षांवरच्या वळूच्या अंडकोशाचा घेर ३४ सेंटिमीटरच्या खाली असेल, तर पत्रिका कितीही जुळो, परत पाठवावा. आणि त्याच्या कालवडी कळपातच ठेवायच्या असतील, तर त्या माजावर येण्याआधी, फार तर तिसऱ्या वर्षी, त्याला बाजार दाखवावा.