नुसतं बघायचे पैसे

गुलमंडीवरच्या कापडाच्या दुकानात बाई बसलेली असते. तिच्यापुढे तिसावी साडी उलगडली जाते. ती काठ चोळून बघते, पदर खांद्यावर टाकून आरशात बघते, नणंदेला बघायला लावते, आलेला चहा पिते आणि उठताना म्हणते, "बघून सांगते." ती काही सांगायला येणार नाही, हे तिला माहीत असतं, नणंदेला माहीत असतं आणि दुकानदाराला तर चहा मागवतानाच माहीत असतं. तरी तो "या, या" म्हणतो आणि पोऱ्या घड्या घालायला बसतो. पैठण गेटपासून सिटी चौकापर्यंतचा सगळा बाजार या "बघून सांगते"वर पिढ्यान् पिढ्या चालला आहे. या गावात नुसतं बघायचे पैसे घेतले ते फक्त बीबी का मकबऱ्याने. तेही बघणाऱ्याकडून.

आता मात्र बघायचे पैसे पडतात, आणि ते दुकानदाराला भरावे लागतात.

माझी भाची हिमरूच्या शाली आणि स्टोल ऑनलाइन विकते. सूत आणि रेशीम मिसळून विणलेलं हे कापड. मुहम्मद तुघलकाने 1327 साली राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा दिल्लीहून आलेल्या कारागिरांबरोबर ही कला इकडे आली, असं सांगतात. तुघलकाने माणसं आणली ती हुकूम काढून. भाचीला हुकूम काढता येत नाही, म्हणून ती जाहिरात देते. कुणी शोधलं, की तिच्या दुकानाचं नाव वर दिसतं. दिसण्याचे पैसे नाहीत. त्या नावावर बोट पडलं, की आठ रुपये गेले.

ही युक्ती काही फार जुनी नाही. 1998 साली बिल ग्रॉस नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या 'गोटू डॉट कॉम'ने शोधातली वरची जागा क्लिकच्या बोलीवर विकायला काढली, तेव्हा ही गोष्ट लोकांना जरा निर्लज्जपणाचीच वाटली होती. गुगलने 2000 साली जाहिराती सुरू केल्या त्या दाखवण्याच्या हिशेबाने. क्लिकच्या बोलीवर ते 2002 साली आले. तेव्हापासून प्रत्येक शोधाला एक हर्राशी होते. डोळ्याची पापणी लवायच्या आत मुंबईचा, सुरतेचा आणि आमच्या भाचीचा भाव लागतो. फक्त पैशावर निकाल लागत नाही, जाहिरात कितपत उपयोगाची आहे तेही बघतात. तरी दिवाळी आली की सगळेच भाव चढवतात, आणि ज्या आठवड्यात गिऱ्हाईक खरोखर घ्यायच्या मनःस्थितीत असतं, नेमक्या त्याच आठवड्यात त्याचं बोट सगळ्यात महाग होतं.

भाचीने मला एकदा हिशेब समजावला. "मामा, धरून चाला, शंभर जणांनी क्लिक केलं. आठशे रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 944. शंभरात दोघांनी घेतलं तर एका गिऱ्हाइकामागे 472. आणि स्टोलमागे मला सुटतात साडेचारशे." म्हणजे प्रत्येक स्टोलबरोबर तिने पदरचे 22 रुपये घालून गिऱ्हाइकाचा सत्कार केला. त्यात दोघांपैकी एकाने पैसे पार्सल हातात आल्यावर द्यायचं ठरवलेलं असतं, आणि कुरिअरवाला दारात उभा राहिला की ते साहेब गावाला गेलेले असतात. पार्सल परत. जायचं भाडं आपलं, यायचंही आपलं. तिचा धंदा अजून जीएसटीच्या नोंदणीपर्यंत वाढलेला नाही, त्यामुळे तो भरलेला करही वळता होत नाही. तेवढा मोठा धंदा व्हावा म्हणूनच तर जाहिरात चालली आहे.

उरलेले अठ्ठ्याण्णव कोण, हा खरा रंजक विषय आहे. कुणी काय शोधून आलं, याची यादी मिळते. ती यादी वाचणं हा मला कादंबरी वाचण्यासारखा छंद जडला आहे. बरेचसे विद्यार्थी असतात. हिमरू कुठल्या शहराचं, पैठणीला जीआय मानांकन कधी मिळालं (2010 साली, त्यांच्यासाठी सांगून ठेवतो). औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देणारं पोर आठ रुपयांचं उत्तर फुकटात घेऊन जातं. त्याचा मला राग येत नाही. उद्या तो तहसीलदार झाला तर स्टोल घेईलही.

गावाच्या नावाने तर वेगळीच करमणूक केली आहे. 2023 साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. पाटी बदलली, लोकांची बोटं बदलायला वेळ लागतो. बाहेरगावचा पर्यटक अजून जुनंच नाव टाकतो, इथला माणूस नवं टाकतो, आणि मध्ये 'संभाजी नगर', 'छ. संभाजीनगर' आणि इंग्रजीतली चार-पाच स्पेलिंगं. भाचीला सगळ्यांवर बोली लावावी लागते. त्यात बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, चांगला जिल्हा आहे, तिथल्या देव गावचं सूर्यमंदिर प्रसिद्ध आहे. तिथली मंडळी आपल्या गावातलं कापडाचं दुकान शोधतात आणि मराठवाड्यात येऊन पडतात. बरं, त्यांचं चुकलं असंही नाही. मलिक अंबरने 1610 साली वसवलेलं आमचं मूळ गाव खडकी, पण ते नाव टाकलं तर पुण्याची छावणी येते. चारशे वर्षांत तीन-चार नावं झालेल्या गावात दुकान टाकलं, तर शोधशब्दांचा खर्च जास्त येणारच.

यावर उपाय असतो तो नको असलेल्या शब्दांची यादी करण्याचा. हे शब्द टाकून कुणी शोधलं तर आपली जाहिरात दाखवू नका, असं कळवता येतं. भाचीची यादी आता चांगली लांबली आहे: बिहार, माहिती, निबंध, प्रश्नपत्रिका, फुकट, नोकरी. 'अजिंठा' या शब्दावर जाहिरात लावली तेव्हा 'घड्याळ' हा शब्दही घालावा लागला, कारण मोरबीच्या घड्याळांची कीर्ती लेण्यांच्या मागे लागून आली. हे सगळं करून झालं की पडद्यावर सूचना येते: तुमची जाहिरात बजेटमुळे मर्यादित आहे. हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला यंत्र कशाला हवं होतं?

मग क्लिकचे पैसे वाया जातात का? ईबेच्या अर्थतज्ज्ञांनी हे तपासलं होतं. 2012 साली त्यांनी स्वतःच्या नावावरच्या जाहिराती काही ठिकाणी थांबवून बघितल्या. गिऱ्हाईक जवळजवळ तेवढंच राहिलं. लोक जाहिरातीऐवजी खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. ज्यांना यायचंच होतं त्यांच्या येण्याचे पैसे कंपनी भरत होती. पण 2015 साली छापलेल्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जी मोठ्या कंपन्यांपेक्षा आमच्या भाचीच्या कामाची. ज्यांनी आधी कधी खरेदी केली नव्हती, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम होत होता. भाचीला तर सगळेच नवे. तेव्हा क्लिकला सरसकट नावं ठेवता येत नाहीत. माझ्या मते अडचण मालाची आहे. केशर आंबा विकणाऱ्याने पहिल्या वर्षी पेटीमागे तोटा सोसला तरी गिऱ्हाइकाचा नंबर त्याच्याकडे राहतो, आणि पुढच्या मे महिन्यात तेच गिऱ्हाईक क्लिक न करता फोन करतं. हिमरूचा स्टोल नीट विणलेला असला तर पंधरा वर्षं टिकतो. भाचीचा माल चांगला आहे, हीच तिच्या धंद्याची पंचाईत.

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग काय, फाटके विकू का?"

सध्या तिने रोजची मर्यादा शंभर रुपयांवर आणली आहे. तरी एखाद्या दिवशी दुप्पट जातात, महिन्याच्या हिशेबात बसतं म्हणतात. जुन्या गिऱ्हाइकांना ती स्वतः मेसेज करते, ओळखीने ओळख वाढवते, आणि जाहिरात ठेवते ती फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारी, लग्नसराई आणि पर्यटक दोन्ही असतात तेव्हा. घरच्या वायफायचा पत्ताही तिने वगळून टाकला आहे, म्हणजे आपल्याच माणसाचं बोट चुकून पडायला नको.

परभणीच्या मावशीचा बंदोबस्त मात्र अजून झालेला नाही. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "अगं, किती छान आली गं तुझी जाहिरात! रोज देवपूजा झाली की दाबायले बघ मी. शेजारच्या दोघींनाही दाबायला सांगितलं." यंत्र काही खोटे क्लिक ओळखून पैसे वगळतं म्हणे. पण मावशीचा क्लिक खोटा कुठे आहे? भाचीने सगळं ऐकून घेतलं, "हो मावशी, दिसायलंय मला इकडे," म्हणाली, आणि संक्रांतीला तिघींना एकेक स्टोल पाठवायचा ठरवला. तेवढाच स्वस्त पडेल.