औषध कंपन्यांचा डाव घरबसल्या उधळा

हा नवशिक्यांचा वर्ग आहे. साहित्य फार लागत नाही: घरातला गोळ्यांचा डबा, व्हॉट्सॲप, आणि ज्यांची शुगर कारल्याच्या रसाने ‘मुळापासून’ गेली असे शेजारचे एक काका. डॉक्टर लागत नाही.

डबा उघडा आणि आधी बीपीची गोळी शोधा. बहुधा ॲम्लोडिपिन. चिमुकली, स्वस्त, रोज घ्यायची. रोज घ्यायची म्हणजे कंपनीचा धंदा, हे सांगायला कुणी लागत नाही. तिचं पेटंट कधीच संपलंय, ती ढीगभर कंपन्या बनवतात, सरकारने तिची कमाल किंमत बांधून दिली आहे, असल्या तपशिलात शिरू नका. घेतली तरी काही वाटत नाही, नाही घेतली तरी काही वाटत नाही. आणखी काय पुरावा हवा? करा बंद. बीपी दुखत नाही. ज्यांना त्याचा हिसका बसतो त्यांची बहुधा जीभच जड झालेली असते, त्यामुळे तक्रारीही फारशा येत नाहीत.

वाचलेले पैसे आता नीट खर्च करू. दोन शिंका आल्या की डॉक्टरकडे जा आणि ‘जरा स्ट्राँग’ मागा. सर्दी विषाणूची असते आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, हे तो सांगू लागला तर मान डोलवा, पण उठू नका. अशक्तपणा असेल तर सलाईन लावून घ्या. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, चमचाभरसुद्धा नाही. पण ती स्टँडला टांगलेली असते, थेंब पडताना दिसतात, बायको शेजारी स्टुलावर बसते. पैसे फिटतात. डॉक्टर नाही म्हणाला तर त्याच्या हाताला गुण नाही असं समजून पुढचा गाठा. चार पेशंट असे उठून गेले की तोही शिकतो.

‘यातलं काय नाही घेतलं तर चालेल?’ हा प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका. बरा डॉक्टर पेन काढून खरंच दोन ओळी खोडतो.

खोकल्याचं औषध निवडताना एकात चार औषधं असलेलं घ्या. सप्टेंबर २०१८ मध्ये सरकारने एकात अनेक औषधं असलेली ३२८ मिश्रणं बंद केली, त्यांना उपचाराचा आधार नाही म्हणून. तोवर ती राजरोस विकली जात होती.

शेवटचा धडा टॉनिकचा. डॉक्टरांना सोन्याची नाणी, फ्रीज, एलसीडी टीव्ही, लॅपटॉप दिल्याचं एक प्रकरण फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. ॲपेक्स लॅबोरेटरीज ही कंपनी, आणि औषध कॅन्सरचं नव्हे, झिंकोव्हिट: जस्त आणि जीवनसत्त्वं. बरोबरच आहे. जे लिहिल्यावाचून पेशंट जगणारच नाही, ते लिहा म्हणून फ्रीज कोण वाटेल? (ब्रँडा-ब्रँडांची झोंबाझोंबी तिथेही असते, ती वेगळी.) कंपनीला हा खर्च आयकरात वजा करून हवा होता. कोर्टाने नाही म्हटलं.

तुम्ही त्याची काळजी करू नका. जीवनसत्त्वांना चिठ्ठी लागत नाही, मेडिकलवाला ओळखीचा आहे. मोठी बाटली घ्या, स्वस्त पडते.