उरलेल्या चार मिनिटांचे शास्त्र

मराठी माणसाला निरनिराळ्या संगीतप्रकारांची ओळख कशी झाली, या प्रश्नाची आजवर चार उत्तरे दिली गेली: गुरू, घराणे, आकाशवाणी आणि वडिलांचा धाक. चारही भारदस्त आहेत आणि चारही अपुरी. मीरा-भाईंदर रस्त्यावरच्या सिल्व्हर पार्क परिसरातील शोकेस, माळे आणि पलंगाखालची खोकी यांचे अवलोकन करून आम्ही पाचवे उत्तर मांडतो. ती ओळख कॅसेटच्या शेवटी उरलेल्या फितीने करून दिली.

सिल्व्हर पार्कच का, असे विद्वान विचारतील. मीरा-भाईंदरला 1985 साली नगरपालिका आली आणि 2002 साली महानगरपालिका. मधल्या वर्षांत गिरगाव, परळ, दादरच्या खोल्या सोडून माणसे इकडे ब्लॉक घ्यायला आली, ती कॅसेटची खोकी घेऊनच. शेजारी भावनगरचे, वर कोट्टायमचे, खाली आझमगढचे, आणि मधली भिंत चार इंची. पंडित भीमसेन जोशींचे अभंग कोणाकडे लागले आहेत हे कळायला भिंतीला कान लावावा लागत नसे. आवाज कमी करा म्हणून सांगायला गेलेला माणूस चहा पिऊन आणि ती कॅसेट मागून घेऊनच परते. संगीताच्या प्रसारात चार इंची भिंतीचे स्थान हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. तूर्त फितीपुरते बोलू.

आधी गणित. फिलिप्स कंपनीने 1963 साली आणलेल्या कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते. नव्वदच्या कॅसेटला एका बाजूस 45 मिनिटे मिळतात. एलपी म्हणजे मोठी तबकडी. तिच्या दोन्ही बाजू मिळून साधारण चाळीस मिनिटे. सबब, एक अख्खी एलपी कॅसेटच्या एका बाजूवर भरून घेतली की चार-पाच मिनिटे मोकळी राहतात. चार मिनिटे म्हणजे सुमारे साडेअकरा मीटर फीत. पैसे मोजलेली साडेअकरा मीटर वस्तू कोरी सोडणे मध्यमवर्गाच्या धर्मात बसत नाही.

म्हणून कॅसेट भरून देणारा दुकानदार विचारी, ‘शेवटी काय टाकू?’ आणि गिऱ्हाईक म्हणे, ‘टाका काहीतरी.’

या दोन शब्दांवर आमचा सारा सिद्धांत उभा आहे. पंडित भातखंड्यांनी राग दहा थाटांत बसवले, तेव्हा स्वरांचा केवढा विचार केला! दुकानदाराचा निकष एकच: तेवढ्यात बसते का? आवड, भाषा, प्रांत, रस, काळवेळ, काहीही आड येत नसे. त्यामुळे जे संगीत माणूस सात जन्मांत स्वतःहून विकत घेणार नाही, ते त्याच्या कानांवर आयुष्यभर पडत राहिले. फीत पुढे पळवावी म्हटले तर बटण दाबायला उठावे लागे.

उदाहरण पहिले. मायकल जॅक्सनचा 1982 सालचा ‘थ्रिलर’ बेचाळीस मिनिटांचा आहे. उरतात जेमतेम तीन. आता तीन-सव्वातीन मिनिटांत पूर्ण होणारी चीज कोणती? 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू! नाट्यसंगीताचे केवढे तरी भांडार त्या मापाचे आहे. तेव्हा अमेरिकी ढोल थांबतात, फीत जराशी खरखरते आणि ऑर्गनच्या साथीने बालगंधर्व गाऊ लागतात. मात्र सव्वातीन मिनिटांचे पद तीन मिनिटांत मावत नाही. शेवटच्या तानेला खट् असा आवाज होतो आणि बटण वर येते. आमच्या विंगेतले एक गृहस्थ या एकाच कॅसेटवर वाढले. जॅक्सनचा कार्यक्रम 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला, तेव्हा ते त्याला हजर होते. पुढे सासऱ्यांच्या आग्रहाने संगीत नाटकालाही गेले. तेथे तेच पद समेवर येऊन रीतसर संपले, तर यांना ते उगाच लांबवल्यासारखे वाटले. नाट्यपदाचा शेवट खट्‌नेच होतो, अशी त्यांची आजही धारणा आहे.

उदाहरण दुसरे अधिक नाजूक आहे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एचएमव्हीची 1967 सालची तबकडी. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. कल्पना अशी की काश्मीरच्या मेंढपाळाचा अख्खा दिवस रागांतून उलगडायचा, पहाटे अहिरभैरवापासून शेवटी पहाडीपर्यंत. तिच्यामागे एचएमव्हीतले जी. एन. जोशी होते. भावगीत गाणाऱ्या पहिल्या पिढीतले हे नाव पुढे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत अधिक गाजले. शास्त्रीय संगीत म्हटले की जांभई देणाऱ्या किती घरांत या तबकडीने राग आणले, याची मोजदाद नाही. पण आम्हांला रस तिच्यानंतरच्या मोकळ्या जागेत. एका नमुन्यात तेथे ‘मी डोलकर’ भरलेले आढळते: शब्द शान्ता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. म्हणजे मेंढपाळ पहाडी आटोपून डोळा लावतो न लावतो तोच त्याच्या अंगावरून होडी जाते! उत्तनचे कोळीवाडे आमच्याच महापालिकेच्या हद्दीत आहेत. तरीही कित्येक शेजाऱ्यांना कोळीगीत भेटले ते काश्मीरमार्गे.

उरलेल्या जागेचा सदुपयोग ही काही कॅसेटयुगाची मिरास नव्हे. 1902 साली गौहर जान यांनी कलकत्त्यात तबकडीसाठी गायले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगून टाकले. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना गाणारे कोण ते कळायला हवे होते, असे त्याचे कारण देतात. आमच्या मते या शास्त्राच्या आद्य आचार्य त्याच.

यालाच लागून दुसरी शाखा येते, पुनर्लेखनाची. कॅसेटच्या पाठीवरच्या दोन टिकल्या मोडल्या की तिच्यावर काही भरता येत नाही. त्या खाचांवर सेलोटेप चिकटवला की पुन्हा येते. या शोधाने घरोघरी अनर्थ केले. बाबा सेहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’ 1992 साली आले आणि आमच्या भागात रॅप हा प्रकार घरच्या आरत्यांच्या कॅसेटवर उतरला. रॅप संपला की तळातल्या आरतीची शेवटची कडवी उसळून वर येत. आजी हात जोडी, नातू कंबर हलवायचा थांबे. त्या पिढीच्या मनात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ते संगीत घंटेच्या नादाने समाप्त होते.

डिस्को येथे बाबला यांच्या ‘डिस्को दांडिया’तून, भावनगरच्या शेजाऱ्यांकरवी आला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. गुडघ्यांना आठवते तेवढे पुरे. झंकार बीट्सचा विचार आम्ही मुद्दाम केलेला नाही. तो संगीतप्रकार नसून हवामान होते.

टेपरेकॉर्डरचे हेड जागचे हलले तर पलीकडची बाजू उलटी ऐकू येते, या दोषाला मात्र विद्वानांनी अकारण हिणवले आहे. फितीची रुंदी चार मिलिमीटरही नाही, आणि तेवढ्यात दोन्ही बाजू शेजारी शेजारी नांदतात. उलट्या भावगीतात एक परका गोडवा असतो. कोट्टायमच्या काकांना ते आफ्रिकेतले वाटले आणि त्यांनी आवडीने ऐकले.

आता पूर्वपक्ष. आक्षेपक म्हणतो, हे सारे आज मोबाइल करतोच. एक गाणे संपले की दुसरे आपोआप लागते. उत्तर: लागते खरे, पण कोणते? पहिल्यासारखेच. यंत्र तुमची आवड हेरते आणि तीच तुमच्यापुढे पुन्हा वाढते. मग भावगीतामागे भावगीत, त्यामागे पावसाचे भावगीत, आणि माणूस वर्षभर ओलाच. दुकानदाराला तुमच्या आवडीशी देणेघेणे नव्हते. तो उरलेली मिनिटे मोजत होता. सिल्व्हर पार्कच्या डोक्यावरून आता मेट्रो-9 चा मार्ग गेला आहे, कानांत बिनतारी बोंडे आली आहेत, आणि भिंत चार इंचीच असूनही पलीकडचे काही ऐकू येत नाही. आझमगढच्या चाचांची हल्लीची आवड कोणती, हे आम्ही सांगू शकत नाही. प्रबंधातील ही त्रुटी मान्य आहे.

दुसरा आक्षेप घरातून आला: खोकी रद्दीवाल्याला कधी देणार? त्याचे निरसन पुढील खंडात.

खंड येथे संपला, पण पानावर जागा उरली आहे, तेव्हा टाकतो काहीतरी. कॅसेटच्या चक्राला आतून सहा दात असतात. फीत बाहेर लोंबली तर षट्कोनी पेन्सिल त्यात घालून हलक्या हाताने फिरवावी. गोल पेन्सिल घसरते. हेडवर काळे साचले तर कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावून पुसावे आणि सुकल्याशिवाय कॅसेट घालू नये. गौरी-गणपतीच्या आधी रबरी रोलरही पुसून घ्यावा, नाहीतर आरती खालच्या पट्टीत लागते.