पाचवा पर्याय

जळगावच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यात एचआर म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि एक पोरगा. हजेरी तोच बघतो, पीएफ-ईएसआयचं चलन तोच भरतो, अंगठ्याचं मशीन अडलं की त्याला चापट्या तोच मारतो, आणि इन्स्पेक्टर आला की चहासुद्धा तोच सांगतो. चटईच्या कारखान्यातला असाच एक ओळखीचा पोरगा सध्या एसएचआरएम या अमेरिकी संस्थेच्या सर्टिफिकेट परीक्षेचा अभ्यास करतोय. संस्था 1948 ची. आपला कारखाने अधिनियमही 1948 चाच. एक जगभर सर्टिफिकेटं वाटत फिरली, दुसरा आमच्या गेटशेजारच्या फलकावर उन्हानं पिवळा पडला.

परीक्षेत प्रश्न 134. त्यातले 24 गुणांत धरतच नाहीत. पुढच्या परीक्षांसाठी आजमावून बघायला घातलेले असतात, आणि ते नेमके कोणते हे सांगत नाहीत. म्हणजे फी उमेदवाराची आणि वर फुकटचं कामही त्याच्याकडूनच. आमच्याकडे यालाच ‘आठ दिवस ट्रायलवर ये, मग बघू’ म्हणतात. परीक्षा घेणाऱ्यांना मनुष्यबळ चांगलंच कळतं, याची खात्री मला इथंच पटली. गुणांची पट्टीही न्यारी आहे: 120 पासून 200 पर्यंत, आणि पासाची रेघ 200 वरच. काठावर सुटलेला आणि पहिला आलेला एकाच पंगतीत. पगारवाढीच्या दिवशी आमच्याकडे हेच होतं, फक्त त्याला कुणी शास्त्र म्हणत नाही.

खरी गंमत प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नांत. समजा, विचारलं की एका विभागात गैरहजेरी वाढली आहे, आधी काय कराल? कर्मचाऱ्यांचं सर्वेक्षण, आकड्यांची तपासणी, व्यवस्थापकाशी चर्चा की रजेच्या धोरणाचा फेरविचार? चारही उत्तरं सभ्य, चारही बरोबर, आणि त्यातलं सर्वांत बरोबर शोधायचं.

आता आमचा प्रसंग. नागपंचमीनंतरचा रविवार तोंडावर आलाय. मशीनवरचा गडी टेबलापाशी येऊन उभा राहतो. ‘सायेब, गावले कानबाई शे. सोमवारले येवाव नही.’ विषय संपला. देवीचा उत्सव, भाऊबंद गोळा होणार, रोट होणार, सुरतेला गेलेलेही गाडीत उभ्यानं का होईना पण पोचणार, मग जळगावात बसलेल्यानं कुठल्या तोंडानं थांबायचं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हेच. होळीआधी भोंगऱ्याचा बाजार लागला की सातपुड्याकडची मंडळीही दिसेनाशी होतात. सर्वेक्षण कशाला पाहिजे, भिंतीवर कालनिर्णय आहे की. पण पोरानं महिनाभर आधी ती तारीख बघून ऑर्डर पुढे-मागे करायचं सुचवलं, तर उत्तर ठरलेलं: ‘शेटजींना विचारा.’

हाच तो पाचवा पर्याय, जो छापलेल्या पुस्तकात नाही. उचल द्यायची का? शेटजींना विचारा. दोघांची मारामारी झाली, कुणाला काढायचं? शेटजींना विचारा. बोनस किती? शेटजींनाही नाही, त्यांच्या सीएला विचारा. परीक्षा तपासते निर्णयशक्ती, आणि नोकरी टिकते ती न वापरल्यानं.

बरं, देशी कायदे पाठ करून काही साधेल म्हणावं, तर तिथंही घोळ. पोराच्या मोठ्या भावानं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेलं कामगार कायद्याचं पुस्तक घरात आहे. कल्याण अधिकारी 500 कामगारांवर, कॅन्टीन 250 वर, हे पोरानं घोकून ठेवलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 ला 29 कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या आणि आकडे झाले 250 आणि 100. पुस्तक रद्दीत. पण कारखानदारी गणित पक्कं असतं. जो पटावर 499 वर थांबायचा, तो आता 249 वर थांबेल. उरलेली माणसं ठेकेदाराच्या मस्टरवर जातील. तिथं त्यांचं नाव असतं, कधी कधी आडनावही असतं.

शेवटी माणसं आणतो मुकादमच. 1931 साली व्हिटली कमिशननं आपल्या अहवालात याच जॉबर-मुकादमाच्या हातातली भरती काढून घ्या, लेबर ऑफिसर नेमा, असं बजावलं होतं. तेव्हा अमळनेर-धुळ्याच्या प्रताप मिलचा भोंगा वाजत होता. भोंगा गेला. लेबर ऑफिसरचा पर्सोनेल मॅनेजर झाला, त्याचा एचआर झाला. मुकादम आहे तिथंच आहे, फक्त त्याच्याकडे आता बोलेरो आहे. धुळ्याजवळच्या अवधानच्या एमआयडीसीत उद्या सकाळी दहा माणसं कमी पडली, तर फोन त्यालाच जाणार, सर्टिफिकेटवाल्याला नाही. आणि मुकादमाला दर तीन वर्षांनी 60 क्रेडिटही जमवावे लागत नाहीत. सर्टिफिकेटवाल्याला लागतात, नाहीतर पुन्हा परीक्षा.

परीक्षा घरूनही देता येते म्हणे. कॅमेरा लावायचा, खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको. एक हंगाम 1 मे ते 15 जुलै. मे महिन्यात जळगावात कूलर बंद करून जवळपास पावणेचार तास बसायचं, हा 135 वा प्रश्न समजायचा, आणि याला मात्र गुण हवेत.

पोरगा पास होईल, हुशार आहे. परवा त्यानं परीक्षेचं पत्रक छापून केबिनमध्ये नेलं, कंपनीनं निम्मी फी भरावी एवढीच विनंती. शेटजींनी चष्मा लावून कागद पुढून वाचला, मागून वाचला. मग विचारलं, ‘यानं पीएफ कमी भरावा लागतो का?’