खानदानी तडीपार

ऑस्ट्रेलियात घरंदाज म्हणून मिरवायचं तर वंशवेलीत एखादा चोर लागतो. कुठलाही भुरटा चालत नाही. पहिल्या ताफ्याच्या ११ जहाजांतून आलेला, २६ जानेवारी १७८८ला सिडनीच्या खाडीत डेरेदाखल झालेल्यांपैकी हवा. त्यानंतर १८६८पर्यंत इंग्लंडने आणखी दीड लाखावर कैदी धाडले. पण ते म्हणजे लोकलमधली चौथी सीट. टेकायला मिळतं, ऐसपैस बसता येत नाही.

या पहिल्या ताफ्याच्या वंशजांची १९६८पासून रीतसर संघटना आहे. सभासद व्हायचं तर नातं कागदोपत्री सिद्ध करायचं. आपल्याकडे नोकरीला चारित्र्याचा दाखला मागतात, इथे पूर्वजांच्या चारित्र्याचा उलटा दाखला असला की भाव वधारतो. कैद्यांवर पहारा करणाऱ्या सैनिकांचे वंशजही संघटनेला चालतात. बिचारे! पूर्वज प्रामाणिक निघाला, त्याला ते तरी काय करणार?

घराणी मात्र एकेक नामी आहेत. जेम्स स्क्वायर कोंबड्या चोरल्या म्हणून सात वर्षं तडीपार झाला, तिकडे बिअर गाळून गब्बर झाला आणि त्याचा नातू जेम्स फार्नेल १८७७मध्ये न्यू साउथ वेल्सचा प्रीमियर, म्हणजे आपल्या हिशेबाने मुख्यमंत्री झाला. कोंबडीपासून खुर्चीपर्यंत तीन पिढ्या! इतका धीर आता कोणाला आहे?

हेन्री केबल त्याच्याही वरताण. घरफोडीत फाशीची शिक्षा, ती माफ होऊन काळं पाणी. प्रवासात याचं सामान गहाळ झालं, तर पठ्ठ्याने उतरल्या वर्षीच जहाजाच्या कप्तानावर दावा ठोकला आणि १५ पौंड वसूल केले. इंग्लंडात अशा कैद्याला दावा लावायची मुभाच नव्हती. चोराच्या सामानाची चोरी, हा त्या वसाहतीतला पहिला दिवाणी खटला. पुढे केबल पोलिसांचा मुख्य झाला आणि १८०२मध्ये जहाजावरून बेकायदा डुकरं आणल्याबद्दल बडतर्फही झाला. इतका परिपूर्ण पूर्वज पैसे मोजूनही मिळायचा नाही.

ही हौस अलीकडची. आधी कित्येक पिढ्या हे लोक तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. एका अख्ख्या वसाहतीला तर कैद्यांच्या नावाची इतकी लाज वाटली, की १८५६मध्ये तिने व्हॅन डीमेन्स लँड हे नाव टाकून टास्मानिया हे नाव घेतलं. थोडक्यात, चोरी जुनी हवी. बापाने केलेली लपवायची, पणजोबांनी केलेली फ्रेम करून भिंतीवर लावायची. आपल्या कुलवृत्तांतातही पेशव्यांच्या चाकरीत असलेला मूळपुरुष हटकून सापडतो, तिजोरी घेऊन पसार झालेला कारकून मात्र कुठल्याच शाखेत सापडत नाही. आपली मुदत अजून भरायची असावी.

आता गणित पाहा. आठ पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या नावावर २५६ पूर्वज जमा होतात. त्यांतला आवडेल तो उचलायचा आणि बाकीचे २५५ सोडून द्यायचे, यालाच वंशसंशोधन म्हणतात. माजी पंतप्रधान केव्हिन रड यांच्या वाट्याला मेरी वेड आली. लंडनमध्ये एका लहानग्या मुलीचे कपडे काढून घेतले, म्हणून १७८९मध्ये या पोरसवदा मेरीला फाशी सुनावण्यात आली. तेवढ्यात वेड लागलेला राजा तिसरा जॉर्ज बरा झाला, त्या आनंदात फाशीच्या कोठडीतल्या बायकांना जीवदान देऊन सरकारने त्यांची रवानगी वसाहतीत केली. राजा वेळेवर शहाणा झाला नसता, तर ऑस्ट्रेलियाला एक पंतप्रधान कमी पडला असता.

कोंबड्या, डुकरं, एका पोरीचा फ्रॉक, सगळ्याची नोंद न्यायालयाच्या दप्तरात आहे. एक चोरी मात्र त्या दप्तरात नाही. ज्या खाडीत ताफा लागला, ती तिथल्या मूळच्या गडिगल लोकांची होती. जहाजं लागली तेव्हा ते काही परगावी गेले नव्हते. ती जमीन बेवारस नव्हती, हे तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९२मध्ये, माबो खटल्यात, मान्य केलं. या चोरीत माझा पूर्वज होता, मला सभासद करून घ्या, असा अर्ज घेऊन कोणी संघटनेच्या दारी गेल्याचं अजून ऐकिवात नाही.